कवडीचा देश आणि खंडप्राय शेजारी

(हिंदी महासागरातील भारताचे शेजारी या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी माणसाच्या बोलण्यात कवडी नित्य येते. शेतमालाचा भाव कोसळला की तो कवडीमोल विकला जातो, नालायक माणसाला फुटक्या कवडीची किंमत नसते. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यात मात्र तीच कवडी माळ होऊन मानाने विराजते. ही कवडी येत होती कोठून? शतकानुशतके तिचा फार मोठा वाटा मालदीवच्या उथळ, उबदार समुद्रातून येत असे. तेथील कोळी ती गोळा करीत, गलबते ती बंगालला नेत आणि बदल्यात तांदूळ भरून परत येत. चौदाव्या शतकात काही काळ मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने या व्यापाराची नोंद करून ठेवली आहे. बंगालच्या बाजारातील सुटे नाणे म्हणजे मालदीवचा शिंपला होता. भारतीय भाषांनी कवडीला क्षुद्रतेचे प्रतीक केले खरे, पण ती ज्यांच्या किनाऱ्यावरून येई त्यांचे पोट तिच्यावर भरत असे.

या दोन देशांचा संबंध असा जुना आहे आणि तो आरंभापासून विषम आहे. सुमारे १२०० बेटे, त्यांपैकी वस्ती १९०च्या आसपास बेटांवर, आणि सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३०० चौरस किलोमीटर. २०२२च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार, तीही परदेशी कामगार धरून. २०११च्या जनगणनेतील कोल्हापूर शहराची लोकसंख्या याहून थोडी अधिक होती. देशातील सर्वोच्च नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून तीन मीटरही उंच नाही. मात्र या चिमुकल्या देशाच्या हक्काचा समुद्र जवळपास नऊ लाख चौरस किलोमीटर आहे आणि आखातातून पूर्वेकडे जाणारी तेलवाहू जहाजे त्याच्याच परिसरातून जातात. श्रोत्यांनी नकाशा डोळ्यांसमोर आणावा. लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटाच्या दक्षिणेस आठ अंशांची सामुद्रधुनी आहे आणि ती ओलांडली की मालदीव सुरू होतो. दिल्लीला तो देश दूर वाटतो, मिनिकॉयला तो शेजारच्या गावासारखा आहे.

अशा देशाशी भारतासारख्या खंडप्राय राष्ट्राने कसे वागावे, हा आजचा विषय. जानेवारी २०२४ मध्ये या प्रश्नाने भारतीय घराघरांत जो क्षोभ निर्माण केला, तो अनेकांच्या स्मरणात असेल. ‘ज्यांना आपण वाचवले, तेच उलटले’ हा त्या क्षोभाचा सूर होता. त्या सुराची शहानिशा करायची, तर मागे जावे लागते.

प्रथम बेटाची बाजू. राजराज चोळाच्या शिलालेखात समुद्रातील ‘बारा हजार’ प्राचीन बेटे जिंकल्याचा उल्लेख आहे आणि इतिहासकार त्याचा अर्थ मालदीव असा लावतात. चोळांच्या आरमाराचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटतो, वाटावाही. परंतु ज्यांच्या बेटांवर ते आरमार उतरले, त्यांच्या वंशजांना त्या आठवणीने आनंद व्हावा, अशी अपेक्षा करता येत नाही. पुढे १५५८ ते १५७३ अशी पंधरा वर्षे तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता. मुहम्मद ठाकुरुफानू या वीराने तो उलथून टाकला आणि त्याला साहाय्य मिळाले ते केरळातील कन्नूरच्या अली राजाचे. त्याच कन्नूरच्या माणसांनी १७५२ मध्ये माले काबीज केले आणि काही महिन्यांतच त्यांनाही हाकलण्यात आले. एकोणिसाव्या शतकात मालेचा परदेशी व्यापार मुंबईहून गेलेल्या बोहरी व्यापाऱ्यांच्या हाती एकवटला. त्यांच्याविरुद्धच्या असंतोषातून दंगे उसळले आणि त्याच गोंधळात १८८७ मध्ये मालदीवला ब्रिटिशांचे संरक्षण पत्करावे लागले. मदतीला येणारा आणि डोक्यावर बसणारा, दोघेही उत्तरेकडच्या त्याच मोठ्या भूमीतून येतात, हा त्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. भारताच्या शालेय इतिहासात यातले फारसे काही नाही.

२६ जुलै १९६५ रोजी मालदीव स्वतंत्र झाला. त्याला मान्यता देणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत होता. १९७४ मध्ये स्टेट बँकेने मालेत शाखा उघडली. पर्यटनाचा धंदा तेथे नुकताच रांगू लागला होता आणि पुढे त्याच्या वाढीला याच बँकेच्या कर्जाचा आधार मिळाला.

मग आला ३ नोव्हेंबर १९८८. अब्दुल्ला लुथुफी या मालदीवच्याच व्यापाऱ्याने श्रीलंकेतील तमिळ बंडखोर गटाचे सुमारे ऐंशी भाडोत्री सैनिक पहाटे मालेत उतरवले. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम लपून बसले आणि त्यांनी अनेक राजधान्यांना मदतीची हाक दिली. हाकेला धावून गेला तो भारत. त्याच रात्री आग्र्याहून निघालेली हवाई दलाची अवजड विमाने दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतर न थांबता कापून हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. ब्रिगेडियर फारुख बुलसारा यांच्या नेतृत्वाखालील छत्रीधारी सैनिकांनी काही तासांत राजधानी मोकळी केली. ओलिसांना घेऊन जहाजातून पळालेल्या बंडखोरांना नौदलाच्या ‘गोदावरी’ आणि ‘बेतवा’ या नौकांनी समुद्रात गाठले. बहुतेक सैन्य थोड्याच दिवसांत मायदेशी परतले, उरलेली छोटी तुकडी वर्षभराने. ३ नोव्हेंबर हा दिवस मालदीवमध्ये आजही ‘विजय दिन’ म्हणून पाळला जातो.

या मोहिमेची शौर्यगाथा अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्यातील एक बारीक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. दिल्लीत मोहिमेची आखणी सुरू होती आणि मालेतील भारताचे उच्चायुक्त ए. के. बॅनर्जी सुदैवाने त्या वेळी दिल्लीतच होते. धावपट्टीचे म्हणून जे चित्र टेबलावर पसरले होते, ते हुलहुलेचे नसून शेकडो किलोमीटर दक्षिणेकडच्या गान बेटाच्या धावपट्टीचे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. चूक वेळीच सुधारली, सैनिकांनी पर्यटकांसाठी छापलेल्या नकाशांवर काम भागवले आणि विजय मिळवला. परंतु हाकेच्या अंतरावरील शेजाऱ्याविषयी भारताची माहिती किती होती, याचा तो दाखलाच होता. जवान सज्ज होते, माहिती नव्हती.

त्यानंतरची पंचवीस वर्षे मदतीची आहेत. १९९५ मध्ये भारताच्या अनुदानातून उभे राहिलेले इंदिरा गांधी स्मारक रुग्णालय मालेत सुरू झाले. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर भारताची नौदल व तटरक्षक जहाजे लगोलग तेथे पोहोचली. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतील खारे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली. एक लाखावर लोकांच्या नळांना पाणी नव्हते, कारण त्या बेटावर ना नदी ना तलाव. दुसऱ्याच दिवशी भारताची विमाने पिण्याचे पाणी घेऊन उतरली आणि पाठोपाठ ‘सुकन्या’ व ‘दीपक’ ही जहाजे पोहोचली. त्या वेळी मालदीवमध्ये सत्तेवर होते अब्दुल्ला यामीन, म्हणजे पुढे चीनच्या सर्वाधिक जवळ गेलेले राष्ट्राध्यक्ष. पाणी देताना दिल्लीने सत्तेवर कोण आहे हे पाहिले नाही, हे येथे नोंदवून ठेवावे.

या काळात एक ठेचही लागली. मालेच्या विमानतळाचे काम २०१० मध्ये जीएमआर या भारतीय कंपनीला मिळाले. कंत्राट कायदेशीर होते, गुंतवणूक पन्नास कोटी डॉलरच्या घरातली होती. पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर २५ डॉलर विकासशुल्क बसणार, हे जाहीर झाले आणि त्या मुद्द्यावर विरोधकांनी रान उठवले. ज्या देशात गंभीर आजारी माणसाला उपचारासाठी तिरुवनंतपुरम वा कोलंबो गाठावे लागते, तेथे विमानतळ ही चैन नसते. २०१२ मध्ये कंत्राट रद्द झाले. पुढे लवादाने मालदीवला सुमारे २७ कोटी डॉलर द्यायला लावले. खटला कंपनीने जिंकला. सामान्य मालदीवी माणसाच्या मनात मात्र ‘भारतीय कंपनीने विमानतळ घेतला’ एवढेच राहिले. परदेशी जाणारी खासगी कंपनी आपल्याबरोबर देशाचे नाव नेत असते, ही गोष्ट साउथ ब्लॉकने तेव्हा पुरेशा गांभीर्याने घेतली नाही, असे म्हणावे लागते.

पोकळी भरायला चीन तयारच होता. २०१४ मध्ये चीनचे अध्यक्ष मालेला आले. २०१८ मध्ये माले आणि विमानतळाचे बेट जोडणारा पूल वाहतुकीस खुला झाला. या पुलाची ‘कर्जाचा सापळा’ म्हणून भारतात पुष्कळ निर्भर्त्सना झाली. कर्जाविषयीची टीका रास्त होती आणि पुढे ती खरीही ठरली. परंतु जो माणूस रात्री-अपरात्री बोटीची वाट पाहत धक्क्यावर ताटकळत असे, तो आता काही मिनिटांत दुचाकीवरून विमानतळावर पोहोचतो. त्याला व्याजदराचे गणित सांगून पूल नावडता करता येत नाही.

२०१८ मध्ये इब्राहिम सोली निवडून आले आणि वारे फिरले. भारताने १४० कोटी डॉलरचे साहाय्य जाहीर केले. माले आणि पश्चिमेकडील बेटे जोडणारा ६.७४ किलोमीटरचा सेतुमार्ग हाती घेण्यात आला. त्यासाठी १० कोटी डॉलर अनुदान आणि ४० कोटी डॉलर कर्ज देण्यात आले, काम मुंबईच्या अ‍ॅफकॉन्स कंपनीकडे गेले. २० जानेवारी २०२१ रोजी भारताने शेजाऱ्यांना लस पाठवण्यास आरंभ केला, तेव्हा पहिल्याच दिवशी पुण्यात बनलेल्या लशीच्या एक लाख मात्रा मालेला पोहोचल्या.

इतके करूनही ‘इंडिया आउट’ची घोषणा नेमकी याच काळात जन्मली. का?

उत्तराचा मोठा भाग मदतीच्या आकारात आणि तिच्याभोवतीच्या गुप्ततेत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये उथुरु थिला फाल्हू येथे मालदीवच्या तटरक्षक दलासाठी बंदर बांधण्याचा करार झाला. संरक्षणविषयक करार म्हणून त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला नाही आणि मसुदा नाही म्हटल्यावर अफवेला मोकळे रान मिळाले. अड्डू येथे भारताच्या पैशाने पोलीस प्रशिक्षण महाविद्यालयाची भव्य वास्तू उभी राहिली. एवढी मोठी इमारत केवळ पोलिसांसाठी असेलच कशी, अशी कुजबुज सुरू झाली. दोन ध्रुव हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान यांच्यासाठी सुमारे ऐंशी भारतीय लष्करी कर्मचारी तेथे होते. त्या विमानांनी दूरच्या बेटांवरून शेकडो रुग्णांना रुग्णालयात पोहोचवले होते. एकशे चाळीस कोटींच्या देशाला ऐंशी माणसे म्हणजे काहीच नाहीत. पाच लाखांच्या देशात मात्र गणवेशातील ऐंशी परकीय हा निवडणुकीचा विषय होऊ शकतो, आणि तो झाला. सोली सरकारने एप्रिल २०२२ मध्ये फर्मान काढून या मोहिमेवरच बंदी घातली. मित्राला वाचवण्यासाठी केलेल्या त्या उपायाने मित्राचेच नुकसान केले. काही जण याचे सारे खापर धार्मिक कट्टरतेवर फोडतात. कट्टरतेचा प्रश्न तेथे गंभीर आहे, त्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. पण १९८८ साली आणि २०१४ सालीही त्या देशाचा धर्म हाच होता, तेव्हा केवळ तेवढ्याने उलगडा होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मोहम्मद मुइझ्झू निवडून आले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर असभ्य शेरे मारले. तेथील सरकारने त्यांना निलंबित केले. पाठोपाठ चीनहून परतलेल्या मुइझ्झूंनी, आम्ही लहान असलो तरी आम्हाला धमकावण्याचा परवाना कोणाला मिळत नाही, असे सुनावले. भारतात संतापाची लाट उसळली, सहली रद्द झाल्या, बहिष्काराचे संदेश घरोघरी फिरले. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय पर्यटक मालदीवला गेले होते आणि पर्यटकांत भारत पहिला होता. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. पहिले स्थान कोणी घेतले? चीनने. बहिष्कारामुळे माले ताळ्यावर आले असे मानणारे आहेत आणि त्यात तथ्याचा अंश असेलही. पण ज्या लहान अतिथिगृहांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, त्यांच्या मालकांनी कोणाचा अपमान केला नव्हता.

आता दिल्लीने काय केले ते पाहावे. त्याच हिवाळ्यात, ८ डिसेंबर २०२३ पासून, भारतात कांद्याची निर्यात बंद होती. परवानगी घेऊन मोजक्या देशांना थोडा माल जाई, एवढेच. लासलगावच्या बाजारात शेतकऱ्यांचा रोष उफाळला होता. ती बंदी योग्य होती की अयोग्य, हा निराळा वाद आहे आणि नाशिकच्या शेतकऱ्याची बाजू त्यात दुबळी नाही. तर अशा दिवसांत, मालदीवच्या मागणीनुसार भारतीय लष्करी कर्मचारी टप्प्याटप्प्याने परतत असताना, ५ एप्रिल २०२४ रोजी भारत सरकारने मालदीवचा वार्षिक कोटा जाहीर केला. त्यात ३५,७४९ टन कांदा होता, सव्वा लाख टनांच्या जवळपास तांदूळ होता, ४२ कोटींहून अधिक अंडी होती आणि बांधकामासाठी दहा लाख टन वाळू होती. १९८१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत मोठा कोटा होता. बेटावर ना कांदा पिकतो ना गहू. कोटा रोखला असता, तर मालेच्या बाजारात आठ दिवसांत हाहाकार उडाला असता आणि बदला घेतल्याचे समाधान इकडे अनेकांना मिळाले असते. तसे झाले नाही. १० मेपूर्वी शेवटचा लष्करी कर्मचारी परतला, त्यांची जागा भारताच्याच नागरी तंत्रज्ञांनी घेतली आणि हेलिकॉप्टर पूर्ववत रुग्ण वाहू लागले.

उन्हाळा सरता सरता मालदीवची तिजोरी आटली. परकीय गंगाजळी दीड महिन्याच्या आयातीपुरतीच उरली. ज्यांच्या भरवशावर ‘इंडिया आउट’ची घोषणा झाली होती, त्यांच्याकडून तातडीची रोकड आली नाही. भारताने स्टेट बँकेमार्फत पाच कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत मे आणि सप्टेंबरमध्ये वाढवून दिली. ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर मालेत होते. २८ बेटांवरील पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची योजना त्यांनी मुइझ्झूंच्या उपस्थितीत सुपूर्द केली. ही योजना सोलींच्या काळातली, सत्ताबदलानंतरही भारताने तिचे काम थांबवले नव्हते. ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीत आले आणि ४० कोटी डॉलर व ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. २६ जुलै २०२५ रोजी मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी भारताचे पंतप्रधान सन्मान्य अतिथी होते. त्या दौऱ्यात ४,८५० कोटी रुपयांचे कर्ज जाहीर झाले, तेही रुपयांत, म्हणजे डॉलर महागला म्हणून हप्ता वाढण्याची भीती नाही. जुन्या कर्जांचा वार्षिक हप्ताही सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी करण्यात आला.

हा विजय मानून कोणी पेढे वाटू नयेत. मालेत सरकारे पाच-पाच वर्षांनी बदलतात आणि निवडणुकीत घोषणा पुन्हा निघेल. शेजारच्या सेशेल्सचे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. तेथील असम्प्शन बेटावर भारत धावपट्टी आणि धक्का बांधणार होता. २०१५ मध्ये करार झाला, जानेवारी २०१८ मध्ये सुधारून पुन्हा सह्या झाल्या, पण तेथील संसदेने मान्यता दिली नाही आणि प्रकल्प बारगळला. जवळच प्रचंड कासवांसाठी विख्यात असलेले आल्दाब्रा आहे आणि स्थानिकांना त्याची चिंता होती. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर मात्र तशीच धावपट्टी आणि धक्का २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. कुजबुज तेथेही झाली. पण मॉरिशसमध्ये भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि मराठी भाषकांच्या कित्येक पिढ्या नांदल्या आहेत. तेथे भारत परका नाही, म्हणून संशयाला उत्तर देणारे लोक घरातच होते. मालदीवमध्ये असे लोक नाहीत.

की आहेत? मिनिकॉयमध्ये काही हजार भारतीय नागरिक राहतात. त्यांची भाषा महल ही मालदीवच्या धिवेहीचीच बोली आहे, लिपीही तीच, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी थाना. नाविक म्हणून या बेटाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभर हिंडले आहेत. मालेतील वर्तमानपत्र ते सहज वाचू शकतात, तेथील चहाच्या दुकानात बसून काय बोलले जाते ते त्यांना भाषांतराविना कळते. परराष्ट्र खात्याच्या कचेरीत, मालेला जाणाऱ्या शिक्षक-परिचारिकांच्या तुकड्यांत, लहान बेटांवर शाळा, धक्का वा रुग्णवाहिका देणाऱ्या योजनांच्या देखरेखीवर या तरुणांना जागा द्यायला कोणत्याही कराराची वा कोणाच्या संसदेच्या मंजुरीची गरज नाही. कोची ते मिनिकॉय हा प्रवास जहाजाने होतो. तेथील मुलांसाठी धिवेही आणि परराष्ट्र सेवेच्या परीक्षांच्या तयारीचा वर्ग काढायचा ठरवले, तर त्याला लागणारा खर्च मालेच्या सेतूच्या एका खांबाइतकाही नसेल.